पैसे येतात पण जात नाहीत : इंदूरच्या एका फराळवाल्या काकूंचं गोठलेलं खातं

इंदूरच्या राजेंद्र नगरात घरून फराळाचं करून विकणाऱ्या एका काकूंचं बँक खातं मागच्या दिवाळीच्या ऐन तोंडावर बंद पडलं. कोणीतरी त्यांना चकली-अनारशांचे १,८४० रुपये यूपीआयने दिले होते आणि त्या पैशांचा माग काढत काढत दुसऱ्या राज्यातली एक सायबर तक्रार थेट काकूंच्या खात्यापर्यंत येऊन पोचली. काकूंनी माल दिला, पैसे घेतले, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा. मी छोट्या दुकानदारांचे हिशेब अन् रिटर्न बघतो, काकू माझ्या गिऱ्हाईक नाहीत, तेवढी त्यांची विक्रीच नाही, पण आईच्या भिशीतल्या म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. त्यांना विचारूनच लिहितोय. नाव, बँक, ठाणं यातलं काही लिहिणार नाही, आणि कुणाला शोधायची गरज पण नाही कारण असलं प्रकरण आता कुठल्याही गल्लीत सापडेल.

सविस्तर लिहायचं कारण म्हणजे ज्याला सांगावं तो आधी हेच म्हणतो, "काहीतरी केलं असेल हो, उगीच कोण खातं बंद करेल?" तर उगीचच करतात. म्हणजे मुद्दाम कोणी करत नाही, पण कामाची पद्धतच अशी आहे की ज्याने काही केलं नाही तोही त्यात येतो.

क्यूआर दारात आला कसा

काकूंचे मिस्टर वीज मंडळात होते. ते गेल्यावर फॅमिली पेन्शन सुरू झाली ती एका सरकारी बँकेतल्या सेव्हिंग खात्यात. गॅसची सबसिडी त्याच खात्यात, मुलगी पुण्याहून पाठवते ते त्याच खात्यात, विजेचं बिल त्यातूनच कटतं. फराळाचा धंदा आधी निव्वळ रोखीचा होता, स्टीलच्या डब्यात पैसे टाकायचे आणि त्यातूनच बेसन-तूप आणायचं. लॉकडाऊनमध्ये लोक नोटांना हात लावेनात तेव्हा भाच्याने मोबाईलवर क्यूआर काढून दिला, तो प्रिंट करून दारावर चिकटवला, आणि तो त्याच पेन्शनच्या खात्याला जोडलेला. धंद्याचं खातं वेगळं ठेवा असं त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण, चार किलो चकल्या विकणाऱ्या बाईला कोणी धंदेवाली समजतच नाही.

कोपऱ्यावरच्या पोहेवाल्या भाऊंचं मात्र सरकारनेच करून दिलं. २०२० च्या जूनमध्ये पीएम स्वनिधी सुरू झाली, ठेलेवाल्यांना पहिलं कर्ज १०,००० चं, आणि डिजिटल पेमेंट घेतलं तर महिन्याला १०० रुपयांपर्यंत कॅशबॅक. म्हणजे क्यूआर लावा म्हणून सरकार वर पैसे देत होतं. भाऊंनी लावला, सगळ्यांनी लावला. २०१६ साली सुरू झालेलं यूपीआय ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांच्या वर गेलं, आणि इंदूरात त्याचा अर्थ असा की सकाळी दहा-वीस रुपयांचे पोहे जिरावन मारके खाल्ले तरी स्कॅन, रात्री बारा वाजता सराफ्यात भुट्टे का कीस खाल्ला तरी स्कॅन. खिशात पाकीट ठेवायची सवयच मोडली लोकांची. मला स्वतःला हे फार सोयीचं वाटतं, खोटं कशाला बोलू, माझं अर्धं काम स्टेटमेंटवरून होतं, नाहीतर दुकानदारांच्या चिठ्ठ्या लावत बसा.

सियागंजमध्ये

दिवाळीच्या मालासाठी काकू सियागंजला त्यांच्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडे गेल्या. बेसन, साखर, पोहे, तेलाचा डबा, सगळं मोजून झालं, स्कॅन केलं तर पेमेंट फेल. परत केलं, परत फेल. व्यापारी म्हणाला सर्व्हर डाऊन असेल, थांबा थोडं. थांबल्या. मग एटीएमला गेल्या, तिथेही नाही. खात्यात पैसे दिसतायत, पेन्शन दिसतेय, पण एक रुपया निघत नाहीये. व्यापाऱ्याने शेवटी "आप तो ले जाओ, बाद में देखेंगे" म्हणून माल दिला, इतक्या वर्षांची ओळख.

घरी आल्या तर शेजारची मुलगी, जिच्यावर ऑर्डर द्यायचं सोपवून गेल्या होत्या, ती खुशीत सांगतेय की काकू सगळ्यांचे पैसे आले, बॉक्स बोलला. तो साउंडबॉक्स फ्रिजवर ठेवलेला असतो आणि प्रत्येक पेमेंटला मोठ्याने सांगतो इतके रुपये प्राप्त झाले. खातं बंद असताना पण तो बोलतच होता! म्हणजे आत येणारे पैसे चालू, बाहेर जाणारे बंद. याला बँकेच्या भाषेत डेबिट फ्रीझ म्हणतात, आणि यातली वाईट बाब हीच की तुम्हाला कळतच नाही. फ्रीझ झालं त्याचा एकही एसएमएस आला नव्हता, दिवसभर ऑर्डरचे पैसे त्या बंद खात्यात पडत राहिले आणि जितकी विक्री झाली तितके पैसे अडकत गेले. माझ्याकडे फोन आला तेव्हा मी पहिलं काम हेच सांगितलं की दारावरचा क्यूआर आत्ताच्या आत्ता काढा, बाकी उद्या बघू.

काकूंना मात्र वेगळीच भीती. त्यांनी डिजिटल अरेस्टचं ऐकलं होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान पण मन की बातमध्ये बोलले होते त्यावर, की कोणी पोलिस बनून फोनवर तुम्ही गुन्ह्यात सापडलाय म्हणत धमकावलं तर घाबरू नका, थांबा, विचार करा, कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नसतं. आणि आता खरंच बँक म्हणतेय की तुमचं खातं गुन्ह्यात सापडलंय! त्यांनी मला विचारलं, "बाळा, हे खरं आहे की हेही फसवणूकच आहे?" याला काय उत्तर देणार. खरी नोटीस अन् खोटी नोटीस, दोन्ही सारख्याच बोलतात. वर शेजारच्या मुलाने नेटवर शोधून दिले ते "खातं अनफ्रीझ करून देतो" वाले एजंट, टक्केवारी मागणारे. त्यांच्याशी बोलू नका एवढं ठासून सांगितलं, कारण त्यातले किती पुन्हा लुटणारे असतील देव जाणे.

बँक म्हणते पोलिस, पोलिस म्हणतात बँक

काउंटरवरचा मुलगा काही वाईट नव्हता, पण त्याचं एकच, "आंटी ये ऊपर से है, सायबर वालों का, हमारे हाथ में कुछ नहीं." कुठले सायबरवाले? त्याला माहीत नाही. किती रकमेसाठी? माहीत नाही. मग इथल्या एका ठाण्यात गेलो, तिथे त्यांनी रजिस्टर बघून सांगितलं की आमच्याकडे अशी काही तक्रार नाही भिया, दुसऱ्या राज्याची असेल, बँकेलाच विचारा. परत बँक. अशा चकरा मारून मारून बरेच लोक सोडून देतात किंवा एजंट धरतात.

इथे कामाची माहिती सांगतो, बाकी विसरलात तरी चालेल. बँकेकडे अशा फ्रीझचा एक पोचपावती क्रमांक बहुतेक वेळा असतो, नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलचा. तोंडी विचारलं तर "ऊपर से है" येतं, म्हणून लेखी अर्ज द्यायचा, दोन प्रती, एकीवर शिक्का घ्यायचा, आणि त्यात नेमकं विचारायचं : पोचपावती क्रमांक काय, कुठल्या राज्याचं कुठलं ठाणं, तपास अधिकाऱ्याचा सरकारी ईमेल, वादातली रक्कम किती आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी ओळख क्रमांक, म्हणजे यूटीआर. आम्ही हा अर्ज दिला तेव्हा कुठे आतल्या केबिनमध्ये बसायला मिळालं.

पैशाची साखळी

आता हे सगळं होतं कसं. समजा कुठल्या तरी शहरात कोणाला तरी लाखोंनी गंडवलं. तो १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करतो किंवा पोर्टलवर तक्रार टाकतो. हे पोर्टल २०१९ चं, आणि त्याला बँका जोडणारी यंत्रणा २०२१ पासूनची, गृह मंत्रालयाच्या सायबर क्राइम कोऑर्डिनेशन सेंटरच्या हाताखाली. तक्रार पडली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला तिकीट, म्हणजे ऑनलाइन सूचना, जातं, तिने बघायचं की पैसे आहेत का, असतील तर अडवायचे, पुढे गेले असतील तर कुठे गेले ते लिहायचं, मग त्या पुढच्या बँकेला तिकीट. पहिल्या खात्याला लेयर एक म्हणतात, मग दोन, तीन, चार. ठग लोक पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, भाड्याच्या खात्यांतून फिरवतात, आणि ही भाड्याची खाती कुणाची तर पुष्कळदा कॉलेजच्या पोरांची, मजुरांची, थोड्या कमिशनसाठी एटीएम कार्ड अन् सिम देऊन टाकणाऱ्यांची. तो पोरगा मग त्याच खात्यातून चहा पितो, रिचार्ज मारतो, घरी न्यायला चकल्या घेतो. साखळी जितकी खाली येते तितकी रक्कम बारीक होत जाते आणि खाती वाढत जातात, आणि शेवटच्या टोकाला ठग नसतो, तिथे पोहेवाला असतो, पेट्रोल पंप असतो, काकू असतात.

घाईने अडवणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पैसे मिनिटांत पुढे जातात, पहिल्या तासा-दोन तासात अडवले तरच परत मिळण्याची आशा, आणि ज्याचे आयुष्यभराचे गेले त्याला विचारा फ्रीझ करावं की नाही. माझा आक्षेप दुसरीकडे आहे. अडवायचं काम एका क्लिकचं, ज्याने केलं त्याला त्याची काही किंमत मोजावी लागत नाही, आणि सोडवायचं सगळं काम त्या माणसावर ज्याच्याकडे वेळ, ओळख, कागद यातलं सर्वात कमी आहे. कंप्युटरला रक्कम अन् खातं दिसतं, चकल्या दिसत नाहीत. चकल्या विकल्या हे सिद्ध करायचं काकूंनी.

कायद्यात हे असं सरसकट नाहीये, हे पण लक्षात ठेवा. आधी सीआरपीसीचं कलम १०२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १०६, पोलिसांना संशयित मालमत्ता ताब्यात घेता येते पण मॅजिस्ट्रेटला ताबडतोब कळवावं लागतं. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं की पोलिसांच्या मागणीत जेवढी रक्कम लिहिलीय तेवढीच अडवा, पूर्ण खातं नको. आणि दिल्ली हायकोर्टासमोर २०२४ मध्ये आलेलं प्रकरण तर वाचूनच घ्या, छोले-भटुरे विकणारा माणूस, फसवणुकीतले १०५ रुपये त्याच्या खात्यात आले म्हणून लाखाच्या वर रक्कम असलेलं पूर्ण खातं बंद. कोर्टाने खातं उघडून दिलं, फक्त १०५ रुपये अडवून ठेवायला सांगितले. १०५ रुपयांसाठी हायकोर्ट! छोले-भटुऱ्याच्या दोन प्लेटी येतील फार तर.

वही कामी आली

केबिनमध्ये असिस्टंट मॅनेजर मॅडम होत्या, तरुण, त्यांनी स्क्रीन उघडून बघितलं आणि तिथे खरी गंमत निघाली. पोलिसांची मागणी १,८४० रुपयांवर लिअन लावायची होती, म्हणजे तेवढी रक्कम बाजूला अडवून ठेवा. पूर्ण खातं बंद करा असं त्यात कुठेच नव्हतं. ते बँकेच्याच वरच्या कुठल्यातरी सेलमध्ये झालेलं. का? त्यांना तेच सोपं पडतं. रोज ढिगाने तिकिटं येतात, एकेकाची रक्कम बघून लिअन लावत बसण्यापेक्षा बटण दाबून खातं बंद केलं की आपल्यावर काही येत नाही. कमी अडवलं अन् पैसे निसटले तर विचारणा होणार, जास्त अडवलं तर कोण विचारतंय. मला वाटतं सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे, आणि पोलिसांना शिव्या घालणाऱ्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं कारण बँक त्यांना कागद दाखवत नाही.

मॅडम म्हणाल्या मी वर मेल टाकते, पण विक्री झाल्याचं काहीतरी द्या. आता घरगुती फराळाचं बिल कुठून आणणार. काकूंनी पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, कव्हर गेलेली, प्रत्येक ऑर्डर त्यात लिहिलेली, तारखेसकट. त्या तारखेला शोधलं तर बरोबर सापडलं :

"भंवरकुआंवाला मुलगा, हॉस्टेल. चकली २ किलो १०४०. चिवडा १ किलो ४००. अनारसे अर्धा ४००. गावी नेणार, नीट पॅक. पैसे आले."

खाली बेरीज, १,८४०. यूटीआर शेवटचे चार आकडे लिहिलेले नव्हते पण वेळ स्टेटमेंटशी जुळली. भंवरकुआं म्हणजे आमच्याकडचा कोचिंगवाला भाग, गावोगावची पोरं तिथे राहतात. त्या पोराने खातं भाड्याने दिलं होतं की त्यालाही कुणा मित्राकडून ते पैसे आले होते, हे कळायला मार्ग नाही, आणि अंदाजाने मी कुणाला ठग म्हणणार नाही. काकूंना तो चांगला आठवत होता. "चकली खाऊन बघितली, म्हणाला आईसारखी झालीय."

वहीसोबत अजून एक कागद कामी आला, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, म्हणजे एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन. छोट्या विक्रेत्यांसाठी असतं ते, तेव्हा वर्षाला १०० रुपये फी आणि १२ लाखांच्या आत विक्रीची अट होती, काकूंनी एका प्रदर्शनात स्टॉल लावायचा म्हणून काढलेलं आणि विसरून गेलेल्या. त्याने एवढं झालं की ही बाई खरोखर खायचं विकते हे कागदावर आलं. घरून करणाऱ्या सगळ्या बायकांना मी आता हे काढायला लावतो.

अर्जात आम्ही पेन्शनचं वेगळं लिहिलं, की ही रक्कम दर महिन्याला सरकारकडून येते, तिचा वादातल्या व्यवहाराशी संबंध नाही, आणि पोलिसांची मागणी १,८४० ची असताना पूर्ण खातं कशाच्या आधारावर बंद केलं ते लेखी द्या. हे शेवटचं वाक्य कामाचं. लेखी आधार मागितला की फाईल हलते. शिवाय खाली लिहिलं की ठराविक मुदतीत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. तेव्हा लागू असलेल्या २०२१ च्या लोकपाल योजनेत आधी बँकेला तक्रार करून ३० दिवस थांबावं लागायचं, म्हणून शिक्क्याची प्रत जपून ठेवायची. तिथवर जायची वेळ आली नाही. डेबिट फ्रीझ निघालं, १,८४० चं लिअन राहिलं. तोवर दिवाळी होऊन गेली होती.

दिवाळी निघाली ती भिशीवर

मधल्या दिवसात ऑर्डरी पुऱ्या झाल्या कशा, तर भिशीच्या बायकांनी त्या महिन्याची भिशी चिठ्ठी न काढताच काकूंना देऊन टाकली. रोख. ज्या बाईचा नंबर लागू शकला असता तिनेही हूं की चूं केलं नाही. सियागंजवाल्याची उधारी होतीच. तुपासाठी शेजारी. तर एवढी सगळी स्मार्ट सिटी, ॲप अन् साउंडबॉक्स, आणि ऐनवेळी धंदा तरला तो वीस बायकांच्या शब्दावर आणि एका व्यापाऱ्याच्या तोंडओळखीवर. ज्याला ही ओळख नाही, जो बाहेरून येऊन इथे ठेला लावतो, त्याने काय करायचं? त्याचा तर त्याच दिवशी धंदा बसला. म्हणून काकूंचं प्रकरण सोप्यातलं सोपं धरा.

दुसऱ्या शहरांत

हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. बँकॉकमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये सेम हेच झालं. तिकडे २०१७ पासून प्रॉम्प्टपे आहे, आपल्या यूपीआयसारखंच, गाडीवर नूडल्स विकणारा पण क्यूआर लावून बसतो. भाड्याची खाती पकडायच्या मोहिमेत साध्या दुकानदारांची खाती अडकली, बातमी पसरली, आणि लोकांनी दुकानावर पाट्या लावल्या की फक्त रोख घेऊ. शेवटी त्यांच्या सेंट्रल बँकेला मध्ये पडावं लागलं. म्हणजे दुकानदारांनी रोख मागायला लागल्यावर वर हालचाल झाली, एकेकट्याच्या अर्जाने नाही.

बंगळुरूमध्ये जुलै २०२५ ला थोडं वेगळं, तिथे यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि तिथेही चहा-भाजीवाल्यांनी क्यूआर झाकून "नो यूपीआय, ओन्ली कॅश" लिहिलं. कर बुडवायचं समर्थन मी करणार नाही, माझं पोटच त्यावर आहे, पण मुद्दा तोच, की जो क्यूआर सोय म्हणून दिला तोच उद्या पुरावा होतो, आणि हे देताना कोणी सांगत नाही. तिकडे चीनमध्ये मोबाईल पेमेंट इतकं वाढलं की दुकानं नोटा नाकारायला लागली, त्यांच्या सेंट्रल बँकेने २०१८ ला आणि परत २०२० ला बजावलं की रोख नाकारायची नाही. आपल्याकडे अजून तेवढी वेळ आली नाही, सियागंजमध्ये नोट घेतात बाबा.

सिंगापूरचं मला घेण्यासारखं वाटलं. तिथे १ जुलै २०२५ पासून नवा कायदा आहे, तो वेगळ्या कामासाठी आहे हे मान्य, फसवला जाणारा माणूस ऐकतच नसेल तर पोलिस त्याच्याच खात्यावर बंधन घालू शकतात. पण त्यात मुदत लिहिलीय. एका वेळी ३० दिवस, वाढवायचं तर पुन्हा आदेश, आणि वाढवायलाही मर्यादा. काकूंच्या लिअनला अशी तारीख कुणी घालून दिलेली आम्हाला मिळालेल्या एकाही कागदावर नव्हती.

आता काय बदललं

काकूंनी दुसऱ्या बँकेत वेगळं सेव्हिंग खातं उघडलं, क्यूआर आता त्याला. पेन्शनचं खातं कुणालाही दाखवायचं नाही. करंट खातं उघडा म्हणणारे म्हणतील, पण त्यात बहुतेक ठिकाणी किमान शिल्लक ठेवावी लागते आणि सणासुदीच्या धंद्यात ते परवडत नाही. सुरुवातीला त्या रोज रात्री आलेले सगळे पैसे पेन्शनच्या खात्यात वळवायच्या, सुरक्षित म्हणून. मी थांबवलं. कारण पैसे आले की लगेच सगळे पुढे ढकलायचे, खातं रिकामं ठेवायचं, हीच तर भाड्याच्या खात्याची खूण! रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने अशी खाती ओळखायला म्यूलहंटर नावाचं एआय टूल केलंय, आणि असल्या यंत्रांना असलाच पॅटर्न दिसतो. तेव्हा घाबरून तुम्ही जी काळजी घेता तीच उद्या संशयाला कारण. आता आठवड्याने वळवतात, थोडी रक्कम मागे ठेवून.

अनोळखी माणसाची मोठी ऑर्डर असेल तर निम्मे रोख आधी मागतात. काही गिऱ्हाईकं यावर रुसली, एक जण तर म्हणाला की मावशी तुम्ही डिजिटल इंडियाच्या विरोधात आहात का. वहीत आता नावापुढे मोबाईल नंबर आणि यूटीआरचे शेवटचे आकडे लिहितात, शेजारच्या मुलीला ते काम दिलंय, चकल्यांच्या मोबदल्यात. पोहेवाल्या भाऊंनी सगळी हकीकत ऐकून क्यूआर काढूनच टाकला होता, पण गिऱ्हाईक सुट्ट्यासाठी समोरच्या ठेल्यावर जायला लागलं तसा परत लावला. त्याला मी वेगळं खातं उघड म्हणून मागे लागलोय, तो "देखते हैं भिया" म्हणतो.

आणि ते १,८४०. तपास अधिकाऱ्याला वहीच्या पानाचा फोटो, स्टेटमेंट, रजिस्ट्रेशन सगळं जोडून मेल केला, स्मरणपत्रं पाठवली. एकदाच उत्तर आलं, दोन ओळींचं, की मूळ कागदपत्रं घेऊन खातेदाराने प्रत्यक्ष हजर राहावं, पडताळणी करून ना-हरकत देऊ. व्हिडिओ कॉलवर पडताळणी होईल का विचारलं, त्यावर काही नाही. काकूंनी रेल्वेचं जाण्या-येण्याचं भाडं विचारलं, एका रात्रीच्या लॉजचं विचारलं, सोबत मला न्यावं लागेल ते धरलं, आणि म्हणाल्या राहू दे ते तिकडेच. मी स्मरणपत्रं मात्र बंद केली नाहीत.